हजारची कॉइल

आदिलाबादेत थंडीची वर्दी हवामान खात्याआधी इलेक्ट्रिकची दुकानं देतात. दिवाळी उलटते, कापसाच्या गाड्या बाजार समितीकडे लागतात आणि एका सकाळी दुकानांच्या दारातल्या खिळ्यांना कॉइलचे झुबके लटकलेले दिसतात. बॉलपेनातली स्प्रिंग वीतभर वाढली तर दिसेल तशी एकेक. रंग करडा, जाडी करंगळीपेक्षा कमी आणि वजन असं की हातात घेतली तरी घेतल्यासारखी वाटू नये. तिला खोका नसतो, हमीपत्र नसतं, बहुतेक वेळा कंपनीचं नावही नसतं. सुतळीत ओवलेल्या दहा-वीस बहिणींबरोबर ती वाऱ्यावर हलत असते.

तिची ओळख एका आकड्यावर चालते. गिऱ्हाईक म्हणतं, "हजारची द्या." दुकानदार विचारतो, "हजारची की दीड हजारची?" 'वॅट' हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. नवखा माणूस हे ऐकून खिशाकडे हात नेतो. त्याला वाटतं, एवढ्याशा तारेला हजार रुपये! खरं तर ती दोघांच्या चहा-भज्यांच्या पैशात येते. हजार हा तिचा भाव नव्हे, तिची कुवत आहे. माणसाला त्याच्या कुवतीच्या नावाने हाक मारायची पद्धत असती तर आपल्यापैकी किती जणांनी 'ओ' दिली असती, हा प्रश्न मला तिच्यामुळे पडतो.

आदिलाबाद काही डोंगरमाथ्यावर नाही. पण उत्तरेकडची कोरडी हवा, उघडं आकाश आणि भोवतीचं जंगल यांच्या संगतीने डिसेंबर-जानेवारीत इथला रात्रीचा पारा एकेरी आकड्यात उतरतो, आणि तेलंगणातल्या थंडीची बातमी निघाली की आमच्या जिल्ह्याचं नाव पहिल्या ओळीत येतं. नदीच्या, म्हणजे पैनगंगेच्या, पलीकडे यवतमाळ आहे. अलीकडे जैनद, बेला या भागात घराघरांत मराठी आहे. १९५६ साली आम्ही आंध्र प्रदेशात गेलो, २०१४ साली तेलंगणात आलो, २०१६ च्या ऑक्टोबरात जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. पाट्या बदलल्या, थंडी तीच राहिली, आणि थंडीच्या तोंडाशी उभी राहणारी ही तारही तीच.

तिच्या आधी घरात निखाऱ्यांची शेगडी होती. माझ्या लहानपणी आजी रात्री झोपायच्या खोलीत लोखंडी शेगडीत कोळसे फुलवून ठेवायची आणि आजोबा न चुकता खिडकीचं एक दार उघडायचे. थंडी आत येते म्हणून आम्ही कुरकुर करायचो. बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, रंग नसतो आणि माणूस झोपेतच जातो, हे शास्त्र आजोबांना ठाऊक नव्हतं. त्यांना उघड्या खिडकीचा नियम ठाऊक होता. विजेची शेगडी आली आणि ही एक भीती गेली. धूर नाही, राख नाही, फुंकणी नाही. बटण दाबलं की आधी काहीच होत नाही. मग एक बारीक 'टिक' ऐकू येते, तार किंचित अंग मोडते, धूळ जळाल्याचा वास येतो, आणि मधल्या वळणाजवळ एक मंद तांबडा ठिपका उगवतो. तो दोन्ही बाजूंना पसरत जातो. थंडीच्या पहाटे, दिवा न लावलेल्या स्वयंपाकघरात, हे पाहत बसण्यात आमच्या घरातल्या तीन पिढ्यांची दहा-दहा मिनिटं रोज खर्ची पडली आहेत.

शेगडीत तिला बसवणं ही एक विद्या आहे. ती माझ्या आईला येत होती. नवी कॉइल मिटलेली असते, वेढ्याला वेढा चिकटलेला. ती तशीच प्लेटच्या खाचेत बसत नाही. आई आधी सुतळी घ्यायची. तिचं एक टोक एका टर्मिनलपाशी दाबून पांढऱ्या प्लेटच्या खाचेतली सगळी वळणं फिरवत दुसऱ्या टर्मिनलपर्यंत आणायची. मग सुतळी जमिनीवर सरळ पसरून कॉइल तेवढी ओढायची. ओढ एका दमात द्यायची नाही, कारण सोडली की तार थोडी मागे येते. आणि ओढ सगळीकडे सारखी पडली पाहिजे. "वेणीचे पेड कसे सारखे घेतो, तसं," आई म्हणायची. एखाद्या जागी वेढे दाट राहिले तर ते एकमेकांनाच तापवतात. तो पट्टा आधी लाल होतो आणि आधी तुटतो. शेवटी दोन्ही टोकांना चिनी मातीचे मणी ओवायचे, म्हणजे शेगडीच्या लोखंडी अंगाला तारेचा स्पर्श होत नाही. मणी ओवून झाले की आई हात झटकायची आणि म्हणायची, "झालं हिचं लग्न."

आता तिच्या कुळाविषयी. ही नायक्रोमची तार. निकेल आणि क्रोमियम हे तिचे मायबाप, आणि चांगल्या तारेत त्यांचं प्रमाण ८० ला २०. अमेरिकेत अल्बर्ट मार्श नावाच्या धातुतज्ज्ञाने या मिश्रणाचं पेटंट १९०६ साली घेतलं. त्याआधी विजेवर तापणाऱ्या वस्तू करू पाहणाऱ्यांची मोठी पंचाईत होती. लोखंडाची तार लाल केली की हवेत जळून पापुद्रे सुटायचे, आणि प्लॅटिनम टिकायचं पण ते शेगडीत घालायला माणूस निजामच हवा. मार्शच्या तारेने वेगळंच केलं. ती तापली की क्रोमियम पृष्ठभागावर येऊन ऑक्सिजनशी जुळतं आणि एक पातळ, घट्ट साय धरतं. ती साय खालच्या धातूला पुढे जळू देत नाही. म्हणजे ही तार आपल्याच गंजाची शाल पांघरून आगीत बसते. आज घरोघरच्या इस्त्रीत, टोस्टरमध्ये, पाणी तापवायच्या रॉडच्या पोटात हीच किंवा हिच्यासारखी दुसरी कोणी बसलेली असते. ती तिथे झाकलेली असते आणि शेगडीत उघडी, एवढाच फरक.

शेगडीतली हजारची कॉइल उलगडली तर साधारण आठ मीटर भरते. जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी, म्हणजे २६ नंबरची तार. या आठ मीटरांत साडेचारशेच्या वर वेढे आणि साधारण ५३ ओमचा रोध. हाच रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेत मिळवायचा तर अर्धा किलोमीटर तांबं लागेल. तांबं वीज वाहून नेतं, ही तिला अडवते. तांब्याचं कौतुक आपण पुष्कळ करतो. पण चहा उकळतो तो अडवणारीमुळे.

आणि आता तिचा स्वभाव. तो सांगायचा तर आधी जुन्या पिवळ्या बल्बचा सांगावा लागेल. बल्बमधली टंगस्टनची तार थंड असताना वीज अडवते ती पेटलेली असतानाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. म्हणून बटण दाबल्या क्षणी तिच्यात विजेचा लोंढा शिरतो, आणि म्हणूनच जुना बल्ब बहुधा जळताना उडत नसे, लावताना उडे. टंगस्टन तापलं की पार बदलतं. नायक्रोम बदलत नाही. थंड असताना ५३ ओम असेल तर लालबुंद झाल्यावर फार तर ५५-५६. घरच्या थंडीपासून आठशे-नऊशे अंशांपर्यंत जाऊन आली तरी तिच्या चेहऱ्यावरची रेषा पाच टक्क्यांपलीकडे हलत नाही. गीतेतला स्थितप्रज्ञ कोणी पाहिला आहे का ठाऊक नाही. मी हिला पाहिलं आहे.

पण स्थितप्रज्ञाशी संसार कठीण असतो. वीज अडवून ती किती तापली आहे, हे ती विजेला कळू देत नाही. पातेल्यातलं पाणी आटलं, डाळ करपली, पातेलं लाल व्हायला आलं, तरी ती आपले हजार वॅट तशीच देत राहते. मागणारा आहे की नाही, हे ती पाहत नाही. तिला थांबवायचं काम माणसाचं. आमच्याकडे एकदा मामा आले म्हणून आई ओट्यावरून उठली ती गप्पांत रमली, आणि दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याच्या बुडाला कोळसा झाला. कॉइल त्या पांढऱ्या-काळ्या राड्यात शांतपणे लाल होती. आई तिच्यावर चिडली नाही. म्हणाली, "तिला काय ठाऊक?"

ही ओळ मला गेल्या वर्षी पुन्हा आठवली, ती भाच्यामुळे. तो इंग्लंडात असतो. जानेवारीत आला तेव्हा त्याच्या जाड जॅकेटच्या खिशातून तारेचं एक छोटं रीळ निघालं. त्यावर लिहिलं होतं : ३१६ एल, २६ गेज, दहा मीटर. तो जरा ओशाळला. तिकडे तो सिगारेट सोडण्यासाठी वाफेचं यंत्र ओढतो. यंत्र तो तिथेच ठेवून आला होता, कारण आपल्याकडे ते चालत नाही. पण रीळ खिशात राहून गेलं होतं. स्टेनलेस स्टीलची तार. स्टील म्हटलं की आमच्या घरात डबे, पिंप आणि आहेराची ताटं आठवतात. त्याची केसासारखी तार करून कोणी ती तापवत असेल हे मला नवं होतं.

"मामा, ही तुमच्या कॉइलची उलटी आहे," तो म्हणाला. "हिला किती ताप आहे ते ही सांगते."

आम्ही दोघं ते रीळ घेऊन चाचांच्या दुकानात गेलो. चाचा आमच्या घरच्या शेगड्या माझ्या आजोबांच्या काळापासून दुरुस्त करत आले आहेत. मराठी, तेलुगू, उर्दू आणि बाजाराच्या दिवशी गोंडी, अशी चारही दारं त्यांच्या दुकानाला आहेत. त्यांनी तार बोटांत फिरवली आणि पहिलं वाक्य बोलले, "हा २६ नंबर आपल्या २६ पेक्षा बारीक आहे." खरंच होतं. रिळावरचा आकडा अमेरिकी मापाचा, म्हणजे साधारण ०.४० मिलिमीटर. दुकानात चालतो तो जुना ब्रिटिश गेज, ०.४६. आकडा एक, तार दोन. तार निवडताना पहिला धडा हाच.

मग त्यांनी गल्ल्यातून लोहचुंबक काढलं. दाराशी टांगलेल्या झुबक्यातल्या दोन कॉइल घेतल्या. एकीला ते चिकटलं, दुसरीला नाही. चिकटली ती लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची. हे घराणं स्वीडनचं, १९३१ पासून 'कांथल' नावाने जगभर गेलेलं. ती नायक्रोमहून जास्त उष्णता सोसते, पण एकदा लाल होऊन थंड झाली की कडक होते आणि पुन्हा ओढायला गेलं की काडीसारखी मोडते. न चिकटली ती नायक्रोम. भाच्याच्या तारेलाही चुंबक चिकटलं नाही. "म्हणजे ही नायक्रोमच?" मी विचारलं. चाचा हसले. "भाऊ, न चिकटणारे सगळे एका घरचे नसतात."

खरी परीक्षा पुढे झाली. त्यांनी नायक्रोमचा वीतभर तुकडा पेचकसाच्या दांडीवर गुंडाळला, तसाच स्टीलचा गुंडाळला. मीटरच्या दोन्ही टोचण्या आधी एकमेकींना लावून पाहिल्या. मीटरने ०.३ दाखवलं. "हा मीटरचा स्वतःचा रोध, हा वजा धरायचा." मग स्टीलच्या गुंडाळीला टोचण्या लावल्या : १.४. खाली मेणबत्ती धरली. आकडा हलला. १.५, १.६, १.८. मेणबत्ती काढली, आकडा उतरला. नायक्रोमला लावलं : १.६. मेणबत्ती धरली. १.६. चाचांनी मेणबत्ती आणखी जवळ नेली. १.६. तार काजळली, पण आकडा जागचा हलला नाही. चाचा म्हणाले, "ही आपली. मार खाईल, बोलणार नाही."

स्टेनलेस स्टीलचं मूळ भाच्याच्याच देशातलं. शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली या धातुतज्ज्ञाने १९१३ साली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून क्रोमियमचं पोलाद केलं, आणि ते गंजत नाही हे ध्यानात आलं. ३१६ हा त्या कुळातला पुढचा वंशज : १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल, २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, बाकी बहुतेक लोखंड. पुढचा 'एल' म्हणजे कार्बन कमी, ०.०३ टक्क्याच्या आत. ही तार दर अंशामागे हजारी एकाहून किंचित कमी रोध वाढवते. ऐकायला क्षुल्लक. पण वाफेच्या यंत्रातली कॉइल थंड असताना अर्धा ओम असेल, तर दोनशे अंशांवर ती साधारण ०.५८ ओम होते. यंत्रातली चिप हा ०.०८ चा फरक क्षणोक्षणी मोजते, त्यावरून तारेचं तापमान काढते आणि ठरलेल्या अंशाला पोचताच वीज आवरते. वेगळा थर्मामीटर नाही. तापणारी तीच, ताप सांगणारीही तीच.

कल्पना जुनीच आहे. प्रयोगशाळेतला प्लॅटिनमचा तापमापक एकोणिसाव्या शतकापासून याच गुणावर चालतो. शून्य अंशाला १०० ओम, शंभर अंशाला १३८.५. वाफेच्या यंत्रवाल्यांनी आधी शुद्ध निकेल घेतलं, कारण ते अंशामागे हजारी सहा वाढतं, म्हणजे भलतंच बोलकं. पण ते मऊ, आकार धरत नाही. मग टायटॅनियम घेतलं, हजारी साडेतीन, पण ते लाल होऊ द्यायचं नाही, असं बंधन. स्टीलचं बोलणं या दोघांपेक्षा बारीक. पण आकार धरतं, लाल झालं तरी घाबरवत नाही, आणि तापमान न मोजता नुसत्या वॅटवर चालवलं तरी चालतं. नायक्रोम आणि कांथल या कामाला नालायक, कारण त्या बोलतच नाहीत. शेगडीत जो गुण, तोच तिथे दोष. तारेची निवड म्हणजे स्वभावाची निवड, हे भाचा आणि चाचा आपापल्या भाषेत एकच सांगत होते.

बोलणाऱ्या तारेचीही फसगत होते. तिचा थंडीतला रोध चिपला आधी मोजून ठेवावा लागतो. तार कोमट असताना मोजला तर पुढचे सगळे हिशेब चुकतात. आणि टोकाचा स्क्रू सैल असेल तर त्या सैल जोडाचा रोध चिप ताप समजते आणि तार थंड असतानाच वीज तोडते. साक्षीदार खरा, पण मध्ये दुभाष्या चुकला तर निकाल चुकतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा भाच्याने जे सांगितलं ते आदिलाबादेत कोणालाही एका वाक्यात कळेल. त्या कॉइलच्या पोटात कापूस असतो. कापूस द्रव शोषून तारेपाशी आणतो, द्रवाची वाफ होते. जोवर कापूस ओला, तोवर तार फार तापत नाही. कापूस सुकला की तापमान उसळतं आणि कापूस करपतो. ते होऊ नये म्हणून तारेने बोलायचं. कापूस आणि ठिणगी यांच्यामध्ये कोणीतरी जागं राहिलं पाहिजे, हे आमच्या जिनिंगच्या गावाला शिकवावं लागत नाही.

एवढंच नाही. रोध मोजून सत्य काढायचं यंत्र आमच्या बाजार समितीत दर हंगामात चालतं, आणि त्याच्यासमोर शेतकरी श्वास रोखून उभा असतो. कापसाच्या गाडीत टोचण्या खुपसून ओलावा मोजतात तो असाच मोजतात. सुका कापूस वीज अडवतो, ओला वाट देतो. यंत्र वीज मोजतं आणि टक्के दाखवतं. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पुरा भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, १२ च्या वर नकार. पहाटेच्या दवातून निघालेल्या गाडीचा आकडा आणि दुपारच्या उन्हात उभ्या गाडीचा आकडा एक येत नाही. वर्षाची कमाई त्या दोन टोचण्यांवर तोललेली. तेव्हा ओम हा शब्द आम्हाला परका वाटत असला तरी तो आमच्या घरात केव्हाच येऊन बसला आहे. एकाच्या शेगडीत, दुसऱ्याच्या पट्टीवर.

भाच्याच्या यंत्राबद्दल माझं मत त्याला सांगितलं. तार हुशार आहे म्हणून धूर शहाणा होत नाही. निकोटीन ते निकोटीनच, आणि सवय ती सवयच. आपल्या सरकारने २०१९ च्या सप्टेंबरात वटहुकूम काढून आणि डिसेंबरात कायदा करून ही यंत्रं बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, त्यांची जाहिरात करणं बंद केलं. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि साठा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर कायदा हाच. भाचा म्हणाला, "मामा, मीही सोडणारच आहे." हे वाक्य सिगारेटवाले माझ्या लहानपणीही म्हणायचे.

रिळाचं काय करायचं? मला मोह झाला, शेगडीतच लावून पाहू या. दहा मीटरांचे ५७ ओम भरत होते, म्हणजे कागदावर आमच्या हजारच्या कॉइलशी जवळजवळ जुळत होतं. चाचांनी मान हलवली. लाल होता होता तिचा रोध दीडपट होणार, म्हणजे हजारची म्हणून लावलेली सहा-सातशेवर येणार. आणि रोज तापून रोज निवली की तिची साय पापुद्र्यांनी सुटत जाणार. "बोलणाऱ्याला बोलायच्या जागी ठेवा," ते म्हणाले. "चुलीवर गप्प राहणारंच माणूस लागतं."

गप्प राहणारीचंही आयुष्य सोपं नाही. गावाकडे रात्री मोटारी सुरू झाल्या आणि २३० व्होल्टचे १८० झाले की हजारची कॉइल सहाशे वॅटची होते, कारण कुवत व्होल्टच्या वर्गाने घटते. लोक म्हणतात, "कॉइल मंद झाली." ती मंद होत नाही, तिला मिळत नाही. खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या पोरांची तर ती गुपित मैत्रीण. हजारची कॉइल तासभर चालली की एक युनिट. आमच्या घरमालकांना खोलीत यावंच लागत नसे. जिन्याखालच्या मीटरची चकती भोवऱ्यासारखी फिरताना दिसली की ते खालूनच ओरडायचे, "भात झाला का रे?"

आणि एक दिवस ती तुटते. बहुधा डाळ उतू गेल्यानंतर. मिठाचं पाणी त्या सायीला कुरतडतं, आणि रोजच्या तापण्या-निवण्याने साय तडकत असतेच. तुटली की तिचा रागरंग काही दिसत नाही. बटण दाबलं तर 'टिक' येत नाही, एवढंच. मग घरातला कोणी कर्ता पुरुष पक्कड आणतो, दोन टोकं एकमेकांत अडकवतो, दाबतो, आणि शेगडी पुन्हा लाल होते. घरात कौतुक होतं. पण जोड देताना बोटभर तुकडे गेलेले असतात. तार आखूड झाली की रोध घटतो, आणि रोध घटला की ताप वाढतो. दहावा भाग गेला तर हजारची अकराशेची होते, चौथा भाग गेला तर तेराशेच्या वर. लोक म्हणतात, "जोडल्यापासून कशी मस्त तापते!" ते खरं असतं. ती आधीपेक्षा जास्त तापते आणि म्हणूनच आधीपेक्षा लवकर तुटते. जोडाची जागा तर सैल राहिलेली, तिथे ठिणग्या उडत असतात. दुसरा जोड, तिसरा जोड, आणि प्रत्येक वेळी घर तिच्यावर खूष. अंगातलं कमी होत जाताना जास्त उजेड देणाऱ्या माणसांची आपण तारीफ करतो तशी.

आईची शेगडी अजून माळ्यावर आहे. या हिवाळ्यात काढली तेव्हा कॉइलमध्ये दोन जोड सापडले. दोन्ही आईच्या हातचे, पक्कडीने चपटे केलेले, नीट. तिसऱ्या जागी तार तुटलेली होती. भाचा म्हणाला, जोडू या. मी चाचांकडे गेलो.

तुमच्याही माळ्यावर अशी शेगडी असेल तर चारच गोष्टी लक्षात ठेवा. ही तार उघडी आहे आणि तिच्यात पूर्ण २३० व्होल्ट खेळतात, म्हणून पातेलं ठेवताना, उतरवताना आणि ढवळताना बटण बंद करा. प्लग तीन पिनांचा आणि अर्थिंग खरं असू द्या. ती लावून दुसऱ्या खोलीत जाऊ नका, कारण करपलं हे ती सांगणार नाही. आणि तिसऱ्यांदा तुटली की जोडू नका. सुतळीने खाच मोजा आणि हजारची नवी आणा.